इंदूरमध्ये लग्नाचा फोटोग्राफर व्हायचंय? आधी लग्न शिका

लग्नाचे फोटो काढणं हा इंदूरमध्ये पोट भरणारा धंदा आहे, आणि नीट केला तर मन भरणाराही. एकाच हंगामात रामबागेतलं मराठी लग्न, बायपासच्या गार्डनमधलं माहेश्वरी लग्न, एखादं सिंधी, एखादं जैन आणि एखादा बोहरी निकाह एकाच फोटोग्राफरकडे येऊ शकतो. कॉलेज संपत आलेल्या, हातात कॅमेरा असलेल्या किंवा घ्यायला निघालेल्या आणि घरच्यांच्या ‘यात पुढे काय?’ या प्रश्नाला उत्तर शोधणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

बहुतेक जण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. माझं सांगणं उलट आहे. कॅमेरा सहा महिन्यांत हातात बसतो, लग्न समजायला वेळ लागतो. पुढच्या मिनिटाला काय होणार हे माहीत असलेला माणूस आधीच योग्य जागी उभा असतो. या कामातलं समाधानही तिथूनच येतं, कारण त्या घराला काय जपून ठेवायचंय हे तुम्हाला कळलेलं असतं.

पायरी १: लग्नाचा क्रम वहीत उतरवा

मराठी घरात वाढलो म्हणजे मराठी लग्न येतं असं समजू नका. पाहुणा म्हणून गेलेल्याच्या लक्षात अक्षता आणि जेवण राहतं. घरातल्या आजीला, आत्याला किंवा ओळखीच्या गुरुजींना गाठा आणि सगळं लिहून काढा: केळवण, घाणा, ग्रहमख, हळद, सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टका, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, झाल, सूनमुख, वरात, माप ओलांडणं. प्रत्येक विधीपुढे लिहा की कोण कुठे बसतं, साधारण किती वेळ लागतो आणि त्या वेळी कुणाचा चेहरा बघायचा. घराघरात क्रम थोडा बदलतो, म्हणून प्रत्येक लग्नाच्या आधी ही वही घेऊन गुरुजींशी दहा मिनिटं बोला. गुरुजी आनंदाने सांगतात. त्यांना कुणी विचारतच नाही.

अंतरपाटाचंच बघा. वधू-वर त्याच्या दोन बाजूंना उभे असतात. पाट तुम्हाला कडेने दिसेल अशी जागा धरली, तर दोघंही एका चौकटीत येतात आणि मधे ती पांढऱ्या कापडाची उभी रेघ. पण त्याच जागी करवल्या, मामा आणि अक्षता वाटणारी पोरं जमतात, म्हणून पहिलं मंगलाष्टक सुरू व्हायच्या आधीच तिथे पाय रोवावे लागतात. ‘तदेव लग्नं’ ऐकू आलं की कॅमेरा डोळ्याला हवा. पाट सरकतो, वाजंत्री एकदम उसळते, अक्षतांचा पाऊस पडतो आणि ऑटोफोकस नेमका उडणाऱ्या तांदळांवर धावतो. म्हणून फोकस आधीच चेहऱ्याच्या अंतरावर पक्का करून ठेवा. अ‍ॅपर्चर एफ ४ च्या आसपास म्हणजे दोघांचे चेहरे स्पष्ट येतील, शटर १/२५० च्या आसपास, बर्स्ट चालू. दोघं एकमेकांकडे बघतात ते जेमतेम दोन सेकंद. मग हार येतात, मित्र नवऱ्याला उचलतात आणि तो क्षण गर्दीत जातो.

त्याच वेळी दुसरीकडे एक गोष्ट घडत असते आणि ती फार थोड्या अल्बममध्ये सापडते. बऱ्याच मराठी घरांत मंगलाष्टका चालू असताना मुलीची आई मांडवात नसते. ती मागे तुळशीपाशी बसून पाणी घालत असते. आपल्या मुलीचं लग्न लागताना तिने पाहिलेलंच नसतं. तुमच्याबरोबर दुसरा फोटोग्राफर असेल तर त्याला त्या चार मिनिटांसाठी तिथे पाठवा. आतून ‘सावधान’ ऐकू येतं, तांब्या धरलेला हात थांबतो, ती मान वळवून आवाजाच्या दिशेने बघते. पुढे अल्बम बघायला बसल्यावर आई या पानापाशी थांबते, आणि शेजारच्या पानावर तिला न दिसलेलं लग्न असतं. पाने लावताना ही दोन पानं समोरासमोरच ठेवा.

लाजाहोमात धुराचा विचार करा. समोरून फ्लॅश मारला की धूर पांढऱ्या भिंतीसारखा उजळतो आणि चेहरे पुसट होतात. खिडकीचा किंवा ठेवलेल्या दिव्याचा उजेड धुराच्या मागून येऊ दिला की तोच धूर सुंदर दिसतो. कानपिळीला मुलीच्या भावाच्या समोरच्या बाजूला उभे राहा. भाऊ लाजरा असला तर कानाला नुसता स्पर्श करून मागे होतो, सगळं एका सेकंदात आटपतं. त्याला आधीच हळूच सांगून ठेवा, ‘दादा, जरा नीट पिळ, घाई करू नकोस.’

मराठी लग्न पक्कं झालं की माळव्यातली बाकीची लग्नं शिका. मारवाडी, अग्रवाल, माहेश्वरी घरांत बराचसा कार्यक्रम रात्रीचा असतो: निकासी (नवरदेवाची घरून निघणारी मिरवणूक), तोरण, वरमाला आणि मध्यरात्रीनंतर फेरे. नवरदेव घोड्यावरून तोरणाला स्पर्श करतो ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं. मायरा, म्हणजे वधूच्या किंवा वराच्या आईला तिच्या माहेरून येणारा आहेर, मात्र निवांत चालतो, आणि माझ्या मते त्या लग्नातले सगळ्यात खरे फोटो तिथेच मिळतात: भाऊ भरलेली ताटं घेऊन येतात, बहीण ओवाळते, आणि वर्षानुवर्षं घर चालवणारी ती बाई त्या दहा मिनिटांत पुन्हा कुणाची तरी धाकटी बहीण होते. बोहरी किंवा इतर मुस्लिम घरांत बायकांचे कुठले फोटो काढायचे, कुठले अल्बमपुरतेच ठेवायचे, हे घरातल्या मोठ्यांना आधी विचारा आणि शब्द पाळा.

पायरी २: शहरालाच शाळा करा

इंदूरशी छायाचित्रणाचं नातं जुनं आहे. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) रुरकीला इंजिनिअरिंग शिकून इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आले, इथेच १८७४च्या सुमाराला कॅमेऱ्याकडे वळले, आणि महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या प्रोत्साहनाने पुढे गेले. इंदूर, मुंबई आणि हैदराबादला त्यांचे स्टुडिओ होते. १९२७मध्ये चित्रकार देवळालीकरांनी इथे चित्रकलेची शाळा सुरू केली. तिथूनच ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन हे चित्रकार घडले. सांगायचं कारण एवढंच की नजर तयार करायला आपल्याला शहराबाहेर जावं लागत नाही.

सरावासाठी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, धरा. राजवाड्यापुढे गर्दी, उडते रंग, धक्काबुक्की, आणि त्यात एक चेहरा शोधायचा. बारातीत तुम्हाला हेच करायचं असतं. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकचं आवरण घाला, लेन्स तिथे बदलू नका. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (दिव्यांनी सजवलेले चित्ररथ) निघतात तेव्हा सरकते दिवे, अंधार आणि गर्दी एकत्र मिळतात. उंच आयएसओवर कॅमेरा कुठवर साथ देतो ते त्या रात्री कळतं. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात भट्टीच्या पिवळ्या उजेडात जिलेबी तळणाऱ्याचा चेहरा काढून बघा. त्वचेचा रंग खरा ठेवायला तिथे जमलं, तर हळदीच्या पिवळ्या मंडपातही जमेल.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती बरेच दिवस कुणी सांगत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. जलद शटरवर किंवा आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत काळे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू करा, आणि जलद शटर हवंच असेल तर छताला उडवलेल्या फ्लॅशचा आधार घ्या. मंचामागची एलईडी भिंत याहून वेगळ्या गतीने लुकलुकते. ती असेल तर पाहुणे यायच्या आधी मंचावर जाऊन चार-सहा शटरवर चाचणीचे फोटो काढून बघा.

घरच्या मुंजी, बारशी, डोहाळजेवणं सोडू नका. तिथे कुणी पैसे दिलेले नसतात, म्हणून शांतपणे बघता येतं. फोटो पाच-सातच द्या, पण निवडून द्या.

पायरी ३: कुणाच्या तरी हाताखाली काम करा

स्वतःच्या नावाने काम घ्यायच्या आधी निदान एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या टीममध्ये काढा. इंदूरच्या लग्नात साधारणपणे चार कामं वेगळी असतात: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅन्डिड आणि सिनेमॅटिक. नव्या मुलांना थेट कॅन्डिड करायचं असतं. ट्रॅडिशनलपासून सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगेन. मंचावर दोन तास उभं राहून प्रत्येक पाहुण्याचा आहेर देतानाचा फोटो काढणं कंटाळवाणं वाटतं, पण माणसांना पटकन कसं उभं करायचं, बुटक्या आजोबांना मधे कसं आणायचं, रुसलेल्या काकांना कसं बोलवायचं, हे तिथेच शिकायला मिळतं. आणि वीस वर्षांनी घरात शोधले जातात ते हेच फोटो, कारण गेलेल्या माणसांचे सरळ, स्पष्ट चेहरे त्यातच असतात.

पहिले काही दिवस लाइट धरा. कुठे धरला की चेहरा उठतो आणि कुठे धरला की सपाट होतो, हे दिवा हातात असताना जेवढं कळतं तेवढं व्हिडिओ बघून कळत नाही. मिक्सिंगवाल्याशेजारी, म्हणजे व्हिडिओ कापून जोडणाऱ्याशेजारीही बसा. काय कापलं जातं ते पाहिलं की पुढच्या वेळी काय काढायचं नाही ते समजतं.

कुणाकडे काम करता हे बघून ठरवा. दिवसाचे पैसे ठरवून, वेळेवर देणारा आणि जेवणाची वेळ सांभाळणारा माणूस शोधा. ‘शिकतोयस ना, मग पैसे कसले?’ असं वर्षभर म्हणणाऱ्याला नम्रपणे रामराम करा. दुसऱ्यासाठी काढलेले फोटो स्वतःच्या इंस्टाग्रामच्या पानावर टाकायचे असतील तर आधी परवानगी घ्या. हे शहर मोठं वाटतं, पण या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

पायरी ४: सामान

यावर फार शब्द घालवत नाही. वापरलेली पण चांगली फुल-फ्रेम बॉडी, दोन कार्डांची सोय असलेली. ही दोन कार्डांची सोय नसेल तर लग्नासाठी ती बॉडी घेऊ नका. ३५ आणि ८५ एमएमच्या दोन प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स किंवा एक २४-७० एफ २.८ झूम लेन्स. पैसे कमी असतील तर ५० एमएम एफ १.८ ने सुरुवात होते. एक फ्लॅश, एक जास्तीचा फ्लॅश, भरपूर बॅटऱ्या. ७०-२०० ची लांबची लेन्स भाड्याने आणा, दुसरी बॉडीही भाड्याने आणा, पण दुसऱ्या बॉडीशिवाय लग्नाला जाऊ नका. हळदीला लेन्सवर यूव्ही फिल्टर चढवा.

कर्ज काढायचंच असेल तर मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत असतं. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि विनामूल्य आहे.

ड्रोन घाईने घेऊ नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. सुपर कॉरिडॉर आणि एअरपोर्ट रोडकडची गार्डनं विमानतळाजवळच आहेत. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासा. ग्राहक कितीही म्हणाला, ‘सगळेच उडवतात’, तरी परवानगीवाल्या माणसालाच बोलवा.

पायरी ५: पहिली कामं आणि स्वतःचं पान

पहिल्या वर्षी जाहिरातीवर पैसे घालू नका. गुरुजी, केटरर, मेंदीवाली, पार्लरवाली ताई, मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक: लग्न ठरल्यावर घरचे लोक आधी यांनाच फोन करतात. त्यांच्या कामाचेही दोन-चार चांगले फोटो काढा आणि पाठवा, केटररच्या मांडलेल्या पानाचा, मेंदीवालीच्या हाताचा. पुढच्या वेळी ते तुमचं नाव घेतात.

इंस्टाग्रामवर वीस लग्नांतले वीस देखणे फोटो टाकण्यापेक्षा एका लग्नाची सगळी गोष्ट टाका, सकाळच्या रांगोळीपासून मापापर्यंत. मुलीच्या वडलांना विश्वास त्यातून येतो. प्रीवेडिंगसाठी मांडू आणि महेश्वर दोन्ही इंदूरपासून साधारण ९०-१०० किलोमीटरवर आहेत, आणि बहुतेक सगळे तिथेच जातात. मांडूचा जहाजमहाल पुरातत्त्व खात्याकडे आहे, व्यावसायिक शूटिंगची परवानगी आधी काढा. महेश्वरच्या घाटावर सूर्योदयाला पोचा. दहानंतर गर्दीही होते आणि ऊन डोक्यावर येतं. त्या जोडप्याची स्वतःची जागा असेल तर तीही विचारा. जिथे पहिल्यांदा भेटले ते छप्पन दुकान या खाऊगल्लीतलं टेबल, मुलीच्या आजीची गच्ची. अशा ठिकाणी माणसं आपोआप मोकळी होतात.

पायरी ६: पैसे आणि कागद

दर ठरवताना शेजारच्याचा दर विचारून त्यातून दोन हजार कमी करणं ही सगळ्यात वाईट रीत आहे. आकडे मांडून बघा. समजा दोन दिवसांच्या लग्नाचे ४०,००० ठरले. सेकंड शूटरचे दिवसाला ४,००० धरले तर ८,००० गेले, अल्बमचे ९,०००, प्रवास आणि लाइटचे ३,०००, कॅमेऱ्याच्या झिजेसाठी बाजूला ४,०००. उरले १६,०००. आता दिवस मोजा: एक भेटीचा, दोन लग्नाचे, पाच निवड आणि एडिटिंगचे. आठ दिवसांचे १६,०००, म्हणजे दिवसाला २,०००. यात घर चालतं का, वर्षात अशी किती लग्नं करता येतील, हे स्वतःला विचारा आणि मग दर सांगा. एडिटिंगचे दिवस विसरूनच बहुतेक मुलं दर पाडतात आणि दोन वर्षांत धंदा सोडतात.

कामाआधी एक पानभर करार करा, मराठीत किंवा हिंदीत, घरच्यांना कळेल असा. बयाणा किती, दुसरा हप्ता कधी, उरलेले कधी. किती फोटो, किती पानांचा अल्बम, किती दिवसांत. अल्बममध्ये बदल किती वेळा करून मिळतील. लग्न पुढे ढकललं गेलं तर काय. टीम किती जणांची आणि त्यांनी जेवायचं कधी. ही शेवटची ओळ लिहायला लाजू नका. पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाला दुपारी चारला रिकामी भांडी दाखवली तर संध्याकाळचे फोटो तसेच येतात.

कॉपीराइटचं कलम बहुतेकांना माहीतच नसतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे करारात लिहिलं नाही तर तुमच्याच हाताने काढलेला फोटो तुमच्या पानावर टाकायचा हक्क तुमचा नसतो. म्हणून स्पष्ट लिहा: निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून वापरायला परवानगी आहे किंवा नाही. ‘नाही’ म्हटलं तर नाही. व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावून ऑनलाइन टाकू नका, परवान्याचं संगीत घ्या.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. त्याच्या बऱ्याच आधी एखाद्या सीएकडे जाऊन बसा, आणि धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

पायरी ७: लग्नाच्या दिवशी आणि त्या रात्री

आठवडाभर आधी घरातला एक जाणकार माणूस मागून घ्या, बहुधा आत्या किंवा मावशी. सगळ्यांना नावाने ओळखणारी आणि आवाज असलेली. तिच्याकडून ग्रुप फोटोंची यादी घ्या: आजी-आजोबा, आजोळ, मुलीच्या मैत्रिणी, आणि येऊ शकणार नाही असं वाटणारं एखादं आजारी माणूस. तो फोटो पहिला काढा. ग्रुप पंगतीआधी आटपा, एकदा माणसं पानावर बसली की कुणी उठत नाही.

मुहूर्ताच्या दोन तास आधी पोचा. पायांत जुने, सवयीचे बूट घाला. मंडपात काढून ठेवावे लागतात, म्हणून मोजे चांगले घाला. बँडजवळ आणि डीजेजवळ कानात बोळे घाला. हा धंदा तीस वर्षं करायचा असेल तर कान आणि कंबर दोन्ही लागणार आहेत. कपडे साधे आणि नीटनेटके, मांडवात शोभतील असे. विधी चालू असताना गुरुजींना ‘पुन्हा एकदा’ म्हणू नका. हार पुन्हा घालायला लावता येतो, मंगळसूत्र पुन्हा बांधायला लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

रात्री कितीही उशीर होवो, कार्ड रिकामं केल्याशिवाय झोपू नका. कॅमेऱ्यात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिलं गेलेलं असावं. घरी आल्यावर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती, आणि एक तिसरी प्रत घराबाहेर, क्लाउडवर किंवा भावाच्या घरी. ३,००० रॉ फोटो प्रत्येकी ३० एमबी धरले तरी ९० जीबी होतात. डिस्कचा खर्च दरातच धरा. ग्राहकाने फोटो मिळाल्याचं लेखी कळवेपर्यंत कार्डं पुसू नका.

दोन-तीन दिवसांत दहा-पंधरा तयार फोटो घरच्यांना पाठवा. लग्नघर त्या दिवसांत रिकामं, शांत झालेलं असतं, आणि मुलीच्या आईवडलांना ते फोटो सगळ्यात जास्त तेव्हाच हवे असतात. अल्बम ठरल्या तारखेला द्या. या धंद्यात नाव जातं ते वाईट फोटोंमुळे क्वचित, बहुतेक वेळा सहा-सहा महिने अडकलेल्या अल्बममुळे.

पायरी ८: वर्षाचं गणित पंचांगावर मांडा

देवशयनीपासून प्रबोधिनी एकादशीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, लग्नं जवळजवळ थांबतात. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम उघडतो. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत आणि मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत खरमास, त्यातही हिंदीभाषक घरांत लग्नं नसतात. गुरू-शुक्राचा अस्त आणि अधिक महिना वेगळा. २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन उन्हाळी हंगामातला एक महिना कोरडा. वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग घेऊन बसा, कामाचे दिवस मोजा, आणि हंगामातल्या प्रत्येक कामातून चातुर्मासाचा घरखर्च बाजूला काढा.

चातुर्मास मराठी फोटोग्राफरला पूर्ण रिकामा जात नाही. श्रावणात नवविवाहितेची मंगळागौर असते, आणि ती बहुधा तुमच्याच अल्बममधली मुलगी असते. मग गौरी-गणपती, पुढे डोहाळजेवण, बारसं. ज्या घराचं लग्न तुम्ही मन लावून केलंत, ते घर आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनालाही तुम्हालाच बोलावतं. घराशी जुळत जाणारं हे नातं मला या कामातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं. याच महिन्यांत राहिलेले अल्बम संपवा, कॅमेऱ्याची सर्व्हिसिंग करा, घरच्यांबरोबर जेवा. हंगामात ते होत नाही.

मुलींसाठी थोडं वेगळं

मुलींनी या धंद्यात यावं, असं मला मनापासून वाटतं. राजा दीनदयाळांनी १८९२मध्ये हैदराबादला खास पडदानशीन स्त्रियांसाठी झनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथे कॅमेरा स्त्रीच्याच हातात होता. आजही नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर शिरला की संभाषण थांबतं. मुलगी असली की नऊवारी नेसवताना चाललेली थट्टा, आजीने नथ घालताना दुखलेलं नाक, मुंडावळ्या बांधताना अचानक गप्प झालेली आई, सगळं जसंच्या तसं मिळतं. रात्रीच्या परतीच्या गाडीची सोय करारात लिहून घ्या आणि एकटीने नव्हे, टीमने काम करा.

पायरी ९: किती लग्नं घ्यायची ते ठरवा

तीन-चार वर्षांनी फोन वाजायला लागतात आणि अक्षय्य तृतीयेच्या एकाच दिवसासाठी तीन-तीन घरं विचारतात. तेव्हा सगळी घ्यावीशी वाटतात. एका दिवशी एकच लग्न स्वतः करा. बाकीची ओळखीच्या चांगल्या फोटोग्राफरकडे पाठवा, आणि पाठवताना त्या घरी स्वतः फोन करून सांगा. टीम वाढवायची असेल तर दरवर्षी एक माणूस, त्याला एक हंगाम शेजारी उभं करून. त्यालाही ती वही द्या, विधींचा क्रम लिहिलेली, आणि आधी तुळशीपाशी बसलेल्या आईकडे पाठवा. त्याचे दिवसाचे पैसे मात्र ग्राहकाकडून तुमचे यायची वाट न बघता त्याच रात्री, सामान गाडीत चढवायच्या आधी, त्याच्या हातात ठेवा.